आज डब्यात काय दिलं?

मार्च महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा. हजर पाच जण. मान्यता देणाऱ्या मंडळाच्या एक बाई अधिकारी, त्यांच्यासोबत आलेले एक निवृत्त प्राचार्य, आमच्या कॉलेजचे संचालक मुरकुटे सर, शालिनी बारापात्रे मॅडम आणि फीचं रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेला मी. रक्कम सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पुढच्या बॅचच्या चौसष्ट मुलांची बेचाळीस हजारांप्रमाणे फी. ती घ्यायची की नाही, हे एका आकड्यावर ठरणार होतं. गेल्या बॅचच्या चौसष्टांपैकी साठ टक्के मुलं नोकरीला लागलेली असतील तरच मंडळ नवी बॅच घेऊ देतं. चौसष्टचे साठ टक्के होतात अडतीस पूर्णांक चार. पॉइंट चार मूल नसतं, म्हणून एकोणचाळीस लागतात. आमच्याकडे एकोणचाळीस होते. निदान सोमवारी दुपारपर्यंत होते.

त्या दिवशी काय झालं ते सांगण्याआधी मॅडम कोण होत्या ते सांगायला हवं.

प्रताप नगरात एका बँकेच्या वरच्या दोन मजल्यांवर आमचं कॉलेज आहे. लॅब टेक्निशियन, नर्सिंग असिस्टंट, कॉम्प्युटर अकाउंटिंग असे एकेक वर्षाचे कोर्स. मी हिशेब बघतो. मॅडम नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर ‘मॅनेजर, कम्प्लायन्स अँड स्टुडंट आउटकम्स’ असं लिहिलेलं होतं. कुणी त्याचा अर्थ विचारला तर त्या म्हणत, “पोरगं शिकलं का, अन् लागलं का. एवढंच.” मूळच्या रामटेकच्या. घरची धानशेती, त्यामुळे जेवायला रोज भात, आणि तांदूळ कुठला हे विचारण्याची कुणाला सोय नाही, कारण उत्तर वीस मिनिटांचं असे. एरवी कमी बोलत.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठलाही कागद समोर ठेवला की वाचून बाजूला सारायच्या आणि विचारायच्या, “लिहिलं तं आहे. झालं का?” अग्निशमन यंत्रं भरल्याचा कागद आणला तर त्या जिन्यात जाऊन यंत्राचा काटा बघून यायच्या. मुरकुटे सर एकदा वैतागून म्हणाले, “मॅडम, कागज पे है ना, फिर क्या देखना?” मॅडम म्हणाल्या, “सर, आग कागदाले लागत नाही फक्त.”

हजेरीवर त्यांचा विश्वास नव्हता. कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. मॅडम आत न डोकावता बाहेरच्या चपला मोजायच्या आणि दोननं भागायच्या. एका दिवशी सरांच्या रजिस्टरात एकेचाळीस हजर होते आणि चपला निघाल्या त्रेपन्न. मॅडमनं आपल्या वहीत लिहिलं, ‘हजर सव्वीस. एक चप्पल चौकशीत.’ संध्याकाळी कळलं की तिच्या जोडीची चप्पल झाडू मारणाऱ्या बाईंनी दरवाजा उघडा राहावा म्हणून खाली सरकवली होती. मॅडमनं दुसऱ्या दिवशी नोंद पूर्ण केली, ‘हजर सत्तावीस. चौकशी संपली’, आणि सही केली.

बाहेरच्या फ्लेक्सचंही असंच. सरांनी मोठा फ्लेक्स करून आणला. ‘शंभर टक्के नोकरी’ ही अक्षरं दोन दोन फुटांची आणि त्याखाली ‘मिळवण्यासाठी साहाय्य’ ही बोटभर. मॅडम म्हणाल्या, सगळी अक्षरं एका मापाची पाहिजेत, नियम आहे. सरांनी पैसे वाचवायला फ्लेक्स बदलला नाही, त्याच मापाची उरलेली अक्षरं वेगळी छापून आणली. ती दर्शनी भिंतीवर मावली नाहीत, म्हणून कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर लावली. तीन आठवडे रस्त्यावरून जाणाऱ्यांना शंभर टक्के नोकरी दिसत होती आणि बाजूच्या गल्लीतल्या पीठगिरणीसमोर रांगेत उभ्या असलेल्यांना मिळवण्यासाठी साहाय्य. मॅडम रोज येता-जाता दोन्ही भिंतींचे फोटो काढत आणि सरांना तारखेसह पाठवत. बाविसाव्या दिवशी फ्लेक्स उतरला.

पण त्यांचं खरं काम लागलेल्या मुलांचं. आमच्या धंद्यात हा आकडा सगळ्यात मऊ असतो. मुलगा ओळखीच्या दुकानाच्या लेटरहेडवर नेमणूकपत्र आणतो, कॉलेज ते फाइलला लावतं, आणि मुलगा लागला. मॅडमना हे मान्य नव्हतं. “अपॉइंटमेंट लेटर म्हणजे लग्नाची पत्रिका,” त्या म्हणायच्या. “पत्रिका छापली म्हणून संसार झाला काय?” मंडळाचा नियम होता की एकशे ऐंशी दिवसांनी मुलगा कामावर असला पाहिजे. बाकीची कॉलेजं मुलाला फोन करून विचारत. मॅडम म्हणायच्या, मुलाला विचारून काय होते, तो तर हो म्हणणार. साहेबाला विचारलं तर तो म्हणणार बाहेर गेला आहे.

म्हणून त्या आईला फोन करायच्या. तिसाव्या, नव्वदाव्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी, सकाळी अकरा ते साडेबारा या वेळेत. नमस्कार, प्रकृती, आणि मग सहज विचारल्यासारखं, “आज डब्यात काय दिलं?”

त्यांचं म्हणणं असं की नोकरीबद्दल आई खोटं बोलू शकते, डब्याबद्दल नाही. सकाळी सहाला उठून जिनं भाजी चिरली, तिला ती आठवावी लागत नाही. उत्तर लगेच आलं तर मुलगा लागलेला. उत्तर अडखळलं तर नाही. मी नऊ वर्षं शेजारी बसून हे फोन ऐकले. स्पीकर चालू असे, कारण मॅडमना एका हाताने लिहायचं असे.

“डबा? कायचा डबा? तो तं अजून झोपूनच हाये न मॅडम!” असं एक आई म्हणाली, तेव्हा त्या मुलाचं नेमणूकपत्र आमच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं. दुसरी एक म्हणाली, “त्याले तिथंच कँटीनमध्ये भेटते. अन् घरी येऊन माझ्या भाजीले नावं ठेवते.” मॅडमनं ‘लागला’ वर खूण केली आणि शेरा लिहिला, ‘कँटीन. आई नाराज.’ एका सासूनं तर उलट विचारलं, “सुनेले मी काहून डबा देऊ वं? तीच मले देऊन जाते.” हीसुद्धा खूण ‘लागली’ वर झाली.

या पद्धतीचा आमच्या कॉलेजला त्रास असा की इतरांचे आकडे नव्वदच्या वर आणि आमचे साठ-बासष्ट. फायदा असा की मंडळाचे लोक आमच्या आकड्याला हात लावत नसत.

गेल्या वर्षीच्या बॅचला काठावरचा आकडा आला. एकोणचाळीस. मुरकुटे सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आणि केबिनची भिंत प्लायवूडची असल्यामुळे मलाही सांगितलं, “मॅडम, आता एक भी कम नहीं चलेगा. बॅच गेली तर सगळ्यांत आधी तुमचं टेबल जाईल. मैं क्या करूं, बोलो.” मॅडम म्हणाल्या, “एकोणचाळीस आहेत, सर.” सर म्हणाले, “बस. तेच म्हणून राहिलो मी.”

तपासणीच्या आधी यादीतली पाच नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि प्रत्यक्ष जाऊन बघायची, हा मॅडमचाच नियम. सोमवारी माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. चार जागी मुलं कामावर सापडली. पाचवी चिठ्ठी पल्लवीची. नंदनवनातली एक पॅथॉलॉजी लॅब. तिच्या आईनं तिन्ही वेळा डब्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत दिलं होतं. मेथी. भेंडी. तिसऱ्यांदा वांगं-बटाटा, आणि वर “लोणचं नको म्हणते, हाताले वास येते म्हणते,” हेही. मॅडम स्कूटरवरून उतरताना म्हणाल्या होत्या, “इथं काही बघायचं नाही, पण चिठ्ठी निघाली आहे.”

लॅबमधला माणूस म्हणाला, “पल्लवी? तिले सोडून तं पाच महिने झाले. दोन लॅब एक केल्या न आम्ही, तेव्हा तिघांना कमी केलं. चांगली होती पोरगी.” मग त्यानं रस्त्यापलीकडे हात दाखवला. “ते बघा, त्या अभ्यासिकेत बसते दिवसभर.”

अभ्यासिकेच्या खालच्या पार्किंगमध्ये, एका बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवर डबा ठेवून पल्लवी जेवत होती. सव्वा वाजला होता. मॅडमना बघून ती उभी राहिली. हातातला घास कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

“खाऊन घे आधी,” मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघं थांबलो. ती खाईना.

“काहून वं, सांगितलं काहून नाही?”

“घरी सांगितलं नाही, तं तुम्हाले कसं सांगू?” पल्लवी म्हणाली. “बाबा म्हणते नोकरी आहे तवर थांबतो, नाही तं उमरेडचं स्थळ पक्कं करतो. मे महिन्यात सरकारी लॅबची परीक्षा हाये. मी सकाळी नवाले निघतो, सहाले जातो. संध्याकाळी दोन शिकवण्या घेतो, त्याचे चार हजार आईजवळ देतो. पगार कापला म्हणतो.”

“अन् आई?”

“आईले काही माहीत नाही. तिले सांगू नका.” मग ती हळूच म्हणाली, “मॅडम, राहू द्या न माझं नाव. कोणाचं काय जाते?”

“आईले नाही सांगत,” मॅडम म्हणाल्या. स्कूटरवर बसल्यावर मला म्हणाल्या, “गिरडकर भाऊ, खरंच, कोणाचं काय जाते?” मी गणित सांगितलं. नाव ठेवलं तर कुणाचंच काही जात नाही, काढलं तर सव्वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार आणि एक टेबल. त्या म्हणाल्या, “मी तुम्हाले हिशेब नव्हता विचारला.”

तरी दुरुस्तीचा एक नियम होता. ज्यानं माहिती दिली त्याच्याकडून खात्री केल्याशिवाय नोंद खोडायची नाही. म्हणून आम्ही पल्लवीच्या घरी गेलो. मागच्याच गल्लीत. वडील कामावर होते. आई शिलाई मशीनवर बसलेली, भोवती ब्लाउजचे तुकडे. मॅडम कॉलेजच्या आहेत कळल्यावर तिनं मशीन थांबवलं आणि पाणी आणलं. काय बोलावं ते मॅडम ठरवत होत्या. मुलीचं गुपित फोडायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला.

“आज डब्यात काय दिलं?”

“चवळीच्या शेंगा,” आई म्हणाली. मग मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुम्ही लॅबमध्ये जाऊन आल्या न?”

मॅडमनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मले माहीत हाये,” आई म्हणाली. “दिवाळीच्या आधीपासून तिचा पांढरा कोट धुवायले नाही आला. रोज घालते म्हणते अन् कोट तसाच घडीचा. मी काही बोलली नाही. बोलली असती तं ती घरी बसली असती, अन् घरी बसली का तिचे बाबा लग्न लावून मोकळे. मंग मी डबा देत राहिली. ती चार हजार आणते, तीन मी शिलाईचे टाकते. सात झाले. लॅबवाला सातच देत होता. बाबाले काय समजते.”

“तुम्ही मला तीनदा सांगितलं, आई. फोनवर.”

“काय सांगितलं? तुम्ही डब्याचं इचारलं, मी डब्याचं सांगितलं. खरंच सांगितलं. नोकरीचं तं तुम्ही इचारलंच नाही मॅडम!”

मी मॅडमकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात पेन होतं आणि त्या लिहीत नव्हत्या.

“नाव काढलं तर कागद येईन का घरी?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मंग काढा. अन् पोरीले सांगू नका, मले माहीत हाये म्हणून. तिचा अभ्यास होणार नाही.”

मुलीनं सांगितलं होतं आईला सांगू नका, आई सांगत होती मुलीला सांगू नका. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायची होती, आणि रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता. मॅडमनं दोघींनाही हो म्हटलं. निघताना आईनं त्यांना ब्लाउजच्या मापाची टेप दाखवून सांगितलं, बाहीचं काम करायचं असेल तर आणा, तुमचे पैसे घेणार नाही. मॅडम म्हणाल्या, “तं मग नाही आणत.”

आता मंगळवार. बाई अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, आमची पद्धत त्यांना ठाऊक होती. पेन काढून त्या म्हणाल्या, “एकोणचाळीस. ठीक आहे, म्हणजे साठच्या वर.”

“अडतीस,” मॅडम म्हणाल्या.

मुरकुटे सर हसले. “मॅडम, एकोणचाळीस. तुमच्याच सहीचा कागद आहे.”

“सही शुक्रवारची आहे, सर. काल सव्वा वाजता अडतीस झाले.”

“काल कोणी नोकरी सोडली?” बाईंनी विचारलं.

“काल नाही. पाच महिन्यांपूर्वी. मला काल कळलं. चूक माझी आहे. मी प्रश्न चुकीचा विचारत होते.” मग त्यांनी कोणता प्रश्न ते सांगितलं. मुलीचं घर, वडील, आईनं टाकलेले तीन हजार, यातलं काही सांगितलं नाही. बाई अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही विचारता तो प्रश्न आम्ही सगळीकडे लागू करावा.”

“करू नका,” मॅडम म्हणाल्या.

निवृत्त प्राचार्य चांगले गृहस्थ होते. त्यांना वाटलं, एका मुलीसाठी कशाला. “अहो, राउंड करा न. पूर्ण आकड्यात साठच होतील.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरही माझ्याकडे बघत होते, जरा जास्त प्रेमानं. अडतीस भागिले चौसष्ट म्हणजे एकोणसाठ पूर्णांक तीनशे पंच्याहत्तर सहस्रांश. मी म्हणालो, “राउंड केलं तर एकोणसाठ होतात, सर.” त्या बैठकीत मी एवढंच बोललो.

मंडळानं लॅब टेक्निशियनची बॅच एक सत्र थांबवली. नेमका तोच कोर्स आमचा सगळ्यात भरणारा. मुरकुटे सरांनी मॅडमवर आवाज चढवला नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी मॅडमचं टेबल स्टोअररूममध्ये हलवलं, प्रोजेक्टरचे खोके आणि जुनी प्रॉस्पेक्टस यांच्या मध्ये, आणि त्यांच्याकडून सगळी रजिस्टरं काढून घेतली. मॅडम तीन आठवडे वेळेवर येऊन तिथे बसल्या. त्या काळात त्यांनी जुनी प्रॉस्पेक्टस वर्षावार लावली आणि त्यांतल्या चुकांची एक यादी केली. ती अकरा पानांची झाली. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘काम उरले नाही.’

मी त्यांना एकदाच विचारलं होतं, स्टोअररूममध्ये चहा नेऊन दिला तेव्हा. “मॅडम, ठेवलं असतं नाव तर?”

“ठेवलं असतं तर तिची परीक्षा, तिचं स्थळ, सगळं विसरून आपण एक खोटी पोरगी लागलेली म्हणून दाखवली असती,” त्या म्हणाल्या. “अन् खरी पोरगी पार्किंगमध्ये जेवत राहिली असती. लिहिलं का मग कोणी बघायले जात नाही न, भाऊ.”

पल्लवी मेमधली परीक्षा पास झाली नाही. चार गुणांनी राहिली. जुलैत एका रक्तपेढीत लागली, साडेनऊ हजारांवर. हे मला मॅडमकडूनच कळलं, म्हणजे त्या अजून चौकशी करत होत्या, पण कुठल्या रजिस्टरसाठी ते मी विचारलं नाही. आमच्याकडे आता त्यांच्या जागी एक तरुण साहेब आहेत. ते मुलांना मोबाइलवर फॉर्म पाठवतात. आकडा चांगला येतो.

मॅडमना मी शेवटचं ऑगस्टमध्ये पाहिलं. एप्रिलचा पगार तेव्हाच चुकता झाला होता, पण नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी सरांनी थांबवून ठेवली होती. मॅडमनं अर्ज मुदतीआधीच दिला होता, पोच घेतलेली होती, आणि मुदत उलटल्याच्या दिवसापासूनचं दहा टक्के व्याज त्यांनी नव्वद दिवसांचं काढून आणलं होतं. मी पडताळलं. बरोबर होतं.

सरांनी धनादेशासोबतच्या व्हाउचरवर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘मॅडमना संस्थेतर्फे सस्नेह भेट.’ मॅडम माझ्या टेबलासमोर उभ्या राहून चष्मा लावून ते वाचत होत्या. बाहेर नव्या बॅचची मुलं फी भरायला थांबलेली होती. मॅडमनं माझं पेन घेतलं, ‘सस्नेह भेट’ या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली, वर ‘ग्रॅच्युइटी व व्याज’ असं लिहिलं, बाजूला सही केली आणि मला म्हणाल्या, “तुमचीही करा. दुरुस्ती आहे.” मी केली. त्यांनी पेन परत दिलं, रांगेतल्या पहिल्या मुलीला “सरक पुढे” म्हणाल्या आणि जिन्यानं खाली गेल्या.

ग्रॅच्युइटी एक लाख साठ हजार नऊशे बासष्ट, व्याज तीन हजार नऊशे एकोणसत्तर. एकूण एक लाख चौसष्ट हजार नऊशे एकतीस रुपये, धनादेशानं, शालिनी बारापात्रे यांना.